पावणेआठ फुटांचा पट्टा

अमेरिकेत ऊन फुकट आहे, फक्त त्यात कपडे वाळत घालायची चोरी आहे. ही मनाई सरकारची नव्हे. सरकारला इतका वेळ नसतो. मनाई असते घरमालकांच्या सोसायटीची. तीस-तीस वर्षांची कर्जं काढून घरं घेतलेली माणसं एकत्र जमतात आणि आपल्याच अंगणात आपण काय काय करायचं नाही याची जाडजूड नियमावली तयार करतात. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसता कामा नये, दाराचा रंग ठरलेल्या चारांपैकीच हवा, आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी कपड्यांच्या दोरीचं कलम. दोरीवर लोंबणाऱ्या परकर-बनियनांमुळे म्हणे आजूबाजूच्या घरांच्या किमती उतरतात. गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या धोतरं आणि लुगडी लोंबत आली, तरी तिथल्या जागेचे भाव उतरल्याचं कुणी ऐकलेलं नाही. हा मुद्दा न्यू जर्सीतल्या सोसायटीच्या सभेत मांडायचा माझा विचार आहे, पण लुगड्याला इंग्रजीत काय म्हणायचं इथपासून अडचण आहे.

याविरुद्ध चळवळ झाली नाही असं नाही. ‘वाळवण्याचा हक्क’ या घोषणेखाली लोकांनी अर्जविनंत्या केल्या, आणि काही राज्यांनी सोसायट्यांच्या मनाईला चाप लावणारे कायदे केले. व्हरमाँटने असा कायदा २००९ साली केला. आपल्याकडे जन्मसिद्ध हक्कांची यादी स्वराज्याशी थांबली. यांची पार दोरी-चिमट्यांपर्यंत आली. माझ्या सासूबाईंना मी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “व्हरमाँट इथून किती लांब गं?” गाडीने चार तास, असं म्हटल्यावर त्या गप्प झाल्या, पण तो विषय त्यांनी सोडला असेल असं मला वाटलं नाही.

तर डोक्यावर ऊन असून घरोघरी ड्रायर. आपल्याकडे दोन टाक्यांच्या वॉशिंग मशिनमध्ये शेजारची छोटी टाकी असते तो ड्रायर हा नव्हे. ती टाकी कपडे गरगरवून पिळते. वाळवण्याचं काम गच्चीवरच होतं. हा खरोखरच वाळवतो. आत दोनशे लिटर पाणी मावेल एवढा पत्र्याचा ड्रम, मागून गरम हवेचा झोत, आणि त्यातून निघणारी वाफ भिंतीतल्या नळीवाटे घराबाहेर. याचा थाटही मोठा. अमेरिकेतल्या घरात बाकी सगळी वीज १२० व्होल्टची. आपण भारतातून आणलेला मिक्सर इथे नुसता कण्हतो. ड्रायरला मात्र स्वतंत्र २४० व्होल्ट, ३० अँपिअर, आणि भिंतीत मुठीएवढा वेगळा प्लग. भारतात टेबलफॅनलाही जे सुख मिळतं ते इथे ड्रायर, शेगडी अशा मोजक्या मानकऱ्यांनाच.

याची जन्मकथा मला आवडते. नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर नावाच्या गृहस्थांना तिथल्या हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत घालायचा वीट आला. वीट रास्त होता. तिथे जानेवारीत ओला लेंगा दोरीवरून काढला की स्वतःच्या पायांवर उभा राहतो. मूर यांनी एक खोपटं बांधलं, आत शेगडी पेटवली आणि कपडे तिथे टांगले. मग त्याचंच यंत्र करायच्या नादी लागले. शेवटी विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने ते करायला घेतलं. ही मंडळी छापखान्यांसाठी लाकडी खिळे बनवणारी. त्यांना कपड्यांचा पुळका कुठून आला कुणास ठाऊक. १९३८ साली यंत्र बाजारात आलं, आणि हिवाळ्याला कंटाळलेल्या माणसाच्या यंत्राचं नाव ठेवलं ‘जून डे’.

ते आधी होतं नुसती बंद पत्र्याची पेटी. ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरला दाखवलं, तर त्याने सांगितलं की असली पेटी कोण घेणार. दाराला काच लावा, दुकानात यंत्र चालू करून ठेवा, आणि आत भडक रंगांच्या पुरुषी चड्ड्या फिरू द्या. तसंच केलं. म्हणजे अमेरिकेतल्या एका अख्ख्या धंद्याची सुरुवात काचेआड गोल फिरणाऱ्या चड्ड्यांनी झाली, आणि आज त्याच देशातल्या सोसायटीला दोरीवरची चड्डी खपत नाही. याच स्टीव्हन्सने पुढे १९५४ साली आणखी एक विचार गाजवला: वस्तू मोडायची वाट न बघता, गिऱ्हाइकाला थोडी नवी, थोडी बरी वस्तू थोडी लवकरच हवीशी वाटायला लावायची. चड्ड्या दाखवून यंत्र विकणाऱ्या माणसाकडून वेगळ्या तत्त्वज्ञानाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आमचा ड्रायर हा विचार कानावर न आलेल्यांपैकी. घर घेतलं तेव्हा घराबरोबर आला. आधीच्या मालकांना तो त्यांच्या आधीच्यांकडून मिळालेला. कुठल्याही भिंतीवर न सापडणारा एक पांढरा रंग, दोन गोल बटणं, आणि काम झालं की शाळा सुटल्याची घंटा. तो मोडला ते सासू-सासरे आलेले असताना, जूनच्या दमट हवेत.

‘मोडला’ म्हणणंही बरोबर नाही. ड्रायरचा पट्टा तुटला तरी पुष्कळदा यंत्र बंद पडत नाही. बटण दाबलं की मोटर घूं करते, हवा तापते, वेळेचा काटा पुढे सरकतो, शेवटी घंटासुद्धा होते. फक्त ड्रम फिरत नाही. दार उघडलं तर वरचा टॉवेल भाजलेला आणि खालचे सगळे होते तसे ओले. माझ्या नवऱ्याने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “हे थेट आमचं ऑफिस आहे.” मग त्याने ड्रमला एक बोट लावलं. ड्रम कुणाचीही अडकाठी नसल्यागत गरगर फिरला. ही पट्टा गेल्याची खूण. पट्टा असला की ड्रम हाताने फिरवताना थोडा जड लागतो.

दुरुस्तीच्या आधी चौकशी समिती बसली. पट्टा तुटलाच कसा? रबराची वस्तू, रोजची उष्णता, रोजचा ताण, वर्षानुवर्षं त्याच त्या वळणांवरून फिरणं. आधी भेगा पडतात, मग कडेचे दोरे सुटतात, आणि एक दिवस कामच संपतं. हे कारण पुरेसं होतं. पण घरात नैसर्गिक मृत्यू कुणाला मान्य नसतो. नवऱ्याचा संशय गोधडीवर. सासूबाईंनी स्वतः शिवलेली, चार जुन्या सुती साड्यांची गोधडी आठवड्यापूर्वी धुऊन ड्रायरमध्ये गेली होती, आणि ओली झाल्यावर ती उचलायला दोन माणसं लागली होती. सासूबाईंचं म्हणणं, गोधडीने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. जीन्सच्या पँटी बघा आधी. आमच्या लेकीने दोन्ही बाजूंना साक्षी दिल्या आणि दोन्हीकडून लाडू घेतले.

माणूस बोलवावा तर नुसतं येऊन बघण्याचेच सव्वाशे डॉलर. वस्तू बदलायची मजुरी त्यावर. पट्टा स्वतः पंधरा डॉलरचा. परदेशात कितीही वर्षं काढली तरी मराठी माणूस अशा वेळी मनात रुपये करतोच, आणि रुपये केले की त्याच्यातला मेकॅनिक जागा होतो. भारतात आम्ही बल्ब बदलायलासुद्धा वायरमनला हाक मारणारी माणसं. इथे तीच माणसं नळ बसवतात, भिंती रंगवतात, गवत कापतात. लोकांना वाटतं अमेरिकेने श्रमप्रतिष्ठा शिकवली. शिकवली ती व्हिजिट चार्जने. मराठी मंडळाच्या सहलीत विषय काढला तर बहुतेकांनी नवा घ्या असाच सल्ला दिला आणि आपापल्या ड्रायरच्या मोबाइल ॲपची वर्णनं केली. ड्रायरला ॲप कशाला लागतं हे मी विचारलं. कपडे वाळले की फोनवर कळतं म्हणे. आमच्याकडे घंटा होते, म्हटलं.

शेवटी दुरुस्तीची जबाबदारी दोन तज्ज्ञांनी घेतली. एक माझा नवरा. तो मोठमोठ्या कंपन्यांच्या कामाची आखणी क्लाउडवर करतो, म्हणजे ज्या यंत्रांचं पोट तो कधीही पाहणार नाही त्यांच्याविषयी त्याचं मत विचारलं जातं. दुसरे माझे सासरे, म्हणजे बाबा, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी कालवे, दारं, पंप सगळं केलं, म्हणजे करवून घेतलं. एकाने लॅपटॉपवर तक्ता उघडला. दुसऱ्यांनी एक शंभर पानी वही आणवून तिच्यावर ‘मोजमाप पुस्तिका’ असं लिहिलं, पानांना क्रमांक टाकले आणि पहिल्या पानावर अंदाजपत्रक मांडलं. प्रशासकीय मान्यता माझ्याकडून हवी होती. मी सही केली.

इकडे सासूबाईंनी वाट पाहिली नाही. सातारच्या बाजारातली नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे त्यांच्या बॅगेत दर खेपेला असतातच. पहिल्याच दिवशी मागच्या डेकच्या खांबापासून मेपलच्या झाडापर्यंत दोरी ताणली गेली. दुपारपर्यंत तिच्यावर चादरी, सदरे, पोलकी, मधोमध ती गोधडी. चार तासांत सगळं खडखडीत. संध्याकाळी कपड्यांना उन्हाचा तो करकरीत वास आला, आणि सासूबाई घड्या घालताना काहीतरी गुणगुणत होत्या. इथे आल्यापासून त्या इतक्या खूश मी पाहिल्या नव्हत्या.

सोसायटीचं पत्र यायला वेळ लागला नाही. इतकं गोड पत्र मी क्वचित वाचलं असेल. आपण शेजारी म्हणून लाभलात याचा आनंद, परिसराच्या सौंदर्याविषयी आपल्यालाही आस्था असेलच याची खात्री, आणि तिसऱ्या परिच्छेदात दंडाचा आकडा. लेकीने ते आजीला मराठीत वाचून दाखवलं. “तक्रार केली कुणी?” सासूबाईंनी विचारलं. कुणी केली ते पत्रात नसतंच. “मग खाली नाव का नाही? निनावी पत्राला आमच्याकडे टपरीवरसुद्धा कुणी विचारत नाही,” असं म्हणून त्यांनी दोरी सोडली आणि गॅरेजमध्ये, दाराच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे बांधली. गॅरेजच्या आत नियमावली पोचत नाही. तेव्हापासून आमची गाडी बाहेर उन्हात आणि कपडे आत सावलीत, अशी व्यवस्था लागली.

शनिवारी यंत्र उघडायचं ठरलं. आदल्या रात्री दोघांनी यूट्यूबवर अभ्यास केला. पट्टा बदलायचे व्हिडिओ करणाऱ्या माणसांना चेहरा नसतो, नुसते हात असतात. नखांत काळं, आणि आवाज देवळातल्या पुजाऱ्याइतका शांत. हे अगदी सोपं आहे, असं ते दर दोन मिनिटांनी सांगतात. आणि नेमका हात ड्रमखाली जातो तिथे कॅमेऱ्यात ड्रमचा पाठचा भाग येतो. महत्त्वाचे खून विंगेत करायची जुन्या नाटकांची पद्धत इथे पाळलेली दिसते.

सुरुवात बरी झाली. प्लग काढला. वरच्या फटीतून तुसाची जाळी उपसली, तिच्या खालचे दोन स्क्रू काढले. मग वरचं झाकण. त्याला स्क्रू नाहीत; पुढच्या कडेला आत दोन खटके. रंगारी भिंतीला लांबी भरताना वापरतात ती पातळ पत्र्याची पट्टी फटीत घालून खटका दाबायचा, की टक असा आवाज होऊन झाकण वर येतं. हा टक आवाज दोघांना इतका आवडला की दुसऱ्या खटक्याच्या आधी दोघांनी चहा घेतला.

पुढच्या पत्र्याचे स्क्रू इंचाच्या हिशोबातले. इथे हत्यारं मिलिमीटरमध्ये विचारली तर दुकानदार आपल्याकडे करुणेने पाहतो. ‘पाच-सोळांश इंच’ ऐकून नवरा तक्ता उघडायला गेला. बाबा मात्र खुलले. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले ते १९५७ साली. त्याच्या आधी बाबा शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी म्हणत वाढलेले. “सोळा आण्यांचा इंच धर,” ते म्हणाले. “पाच आण्यांचा पाना लागणार.” मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी स्वतःच्या पेटीतला, भारतातून आणलेला आठ मिलिमीटरचा पाना काढला. तो चपखल बसला. बसायलाच हवा, पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. मोजमाप पुस्तिकेत या घटनेला अर्धं पान मिळालं.

पत्रा निघाला आणि सगळे मागे सरकले. आत तूस होतं. कपड्यांवरून वर्षानुवर्षं झडलेलं, राखाडी, मऊ, कोपऱ्याकोपऱ्यांत साठलेलं. लोक लाल कपडे घालोत, हिरवे घालोत, तूस राखाडीच. बाबांनी तिथेच उभं राहून एक माहिती वाचून दाखवली. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा ड्रायरमुळे घरात लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० भरल्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण निघालं साफसफाई न करणं. मी व्हॅक्यूम क्लीनर आणला. या सगळ्या प्रकरणात खरोखर आवश्यक असं काम तेवढंच झालं असावं, पण तांत्रिक नसल्याने त्याची नोंद झाली नाही. तुसात सापडलेल्या ऐवजाची मात्र झाली: नाणी, केसाच्या पिना, एक सदऱ्याचं बटण, सासूबाईंची मागच्या खेपेला हरवलेली टिकल्यांची अख्खी पट्टी, आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. अक्षता ओळखू येत होत्या. कुंकू मात्र उडालं होतं.

आणि तळाशी पट्टा. तुटून, वेटोळं होऊन पडलेला. पाव इंच रुंद, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने लांबच लांब बारीक खाचा. सरळ करून मोजला तर ब्याण्णव इंच आणि वर थोडं, म्हणजे जवळजवळ पावणेआठ फूट. एवढ्या मोठ्या धुडाला फिरवणारी वस्तू ही एवढीच. मधे ना गिअर, ना साखळी. मोटर मिनिटाला १,७२५ फेरे घेते, ड्रम पन्नासच्या आसपास, आणि या दोन आकड्यांमधली तडजोड सगळी पट्ट्याच्या जिवावर, कारण मोटरच्या दांडीवरची पुली अंगठ्याएवढी आणि दुसरी पुली म्हणजे खुद्द ड्रम. हा वेगही कुणी उगाच ठरवलेला नाही. ड्रम याहून फार जोरात फिरला तर कपडे त्याच्या भिंतीला चिकटून बसतील. फार हळू फिरला तर तळातच लोळतील. वर जायचं आणि धपकन खाली पडायचं, तेव्हाच गरम हवा त्यांच्यातून जाते. स्टीव्हन्सच्या चड्ड्या काचेतून छान दिसायच्या त्या याच हिशोबामुळे.

दाराच्या आतल्या कडेवर चिकटवलेल्या पट्टीवरून मॉडेलचा क्रमांक मिळाला, नवा पट्टा मागवला, आणि यंत्र आठवडाभर उघड्या पोटाने तळघरात उभं राहिलं.

पुढच्या शनिवारी खरी परीक्षा झाली. नवा पट्टा ड्रमला गुंडाळायचा, खाचा आतल्या बाजूला, हे सोपं. जुन्या पट्ट्याने ड्रमवर एक चकचकीत रेघ पाडून ठेवलेली असते, तिच्यावर नवा बसवायचा. मग आडवं पडून, हात ड्रमखाली घालून, पट्ट्याचा लोंबता फास मोटरच्या पुलीत अडकवायचा. पण फास लांब होतो आणि पट्टा ढिला राहतो. तो ताणून धरायला मधे एक छोटी चकती असते. आमच्या यंत्रात ही चकती कशालाही घट्ट बसवलेली नव्हती. तळाच्या पत्र्यातल्या खाचेत तिचा पाय नुसता टेकलेला. पट्टा आहे तोवर त्याच्या ताणाने ती उभी, पट्टा तुटला की ती निसटून पडते, आणि आपण कुठे उभे होतो ते सांगायला मागे काही ठेवत नाही.

दोघे आळीपाळीने पालथे पडले. पत्र्याच्या कडेने दोघांचे हात कापले, दोघांना हळद लावली गेली. पट्टा चकतीवरून घातला की मोटरपर्यंत पोचेना, आणि मोटरवर घातला की चकती आडवी. नवऱ्याचं मत पडलं की पट्टा चुकीचा आलाय, लांब आहे. बाबांचं मत पडलं की चकतीचा नकाशा मागवावा. मग दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: जुना पट्टा शेजारी ठेवून लांबी ताडून पाहायची.

“जुना पट्टा कुठे ठेवलास?” बाबांनी मला विचारलं. मी काही ठेवला नव्हता. लेकीला विचारलं. ती म्हणाली, “आजीकडे.”

सासूबाई गॅरेजमध्ये होत्या. नायलॉनच्या दोरीला समांतर, खिडकी ते कपाट अशी दुसरी एक दोरी बांधलेली होती. काळी, पाव इंच रुंद. तिच्यावर चार पोलकी आणि लेकीचे मोजे.

“तो जरा काढून दे,” बाबा म्हणाले.

“वाळले की देते.”

“अगं, तिकडे काम अडलंय.”

“आठवडाभर अडलंच होतं की. काय बिघडलं?”

तेव्हा आमच्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही. पोलकी अखेर काढली गेली आणि सासूबाई पट्टा घेऊन स्वतः तळघरात आल्या. खाली दोन पालथे तज्ज्ञ, मधे चकती. त्यांनी एकवार पाहिलं.

सासूबाईंचं माहेर कऱ्हाडजवळचं, आणि माहेरी पिठाची गिरणी. ऑइल इंजिनवर चालणारी, पुक पुक करत सगळ्या गावाला जाग आणणारी. ही गोष्ट मला माहीत होती, पण ती ‘माहेरची सुबत्ता’ या सदरात. लहानपणी शाळा सुटली की त्या गिरणीत दळणाच्या डब्यांचे नंबर सांभाळत बसायच्या, आणि इंजिनापासून जात्यापर्यंत धावणारा पट्टा त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. तो घसरू लागला की त्यांचे वडील, अण्णा, त्याला राळ लावायचे. तो सुटला की फाट्‌कन भिंतीवर बसायचा, म्हणून पोरींना पदर, ओढणी, वेण्या सांभाळायची सक्त ताकीद.

“ही चकती पट्ट्याच्या आत कशाला घालताय?” त्या म्हणाल्या. “पट्टा ढिला असला तर बाहेरून दाबायचा असतो.” मग जुन्या पट्ट्याची पाठ उजेडात धरली. गुळगुळीत बाजूलासुद्धा झिजून झिलई आली होती. “खाचा ड्रमला आणि मोटरला घासतात. मग पाठ कशाला घासली? ही चकती पाठीला लागते. विचारायचं होतं ना ह्यालाच.”

तळघरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी विचारलं, “आई, तुम्हाला हे पहिल्या शनिवारीच कळलं होतं?”

“मला कुणी विचारलं?” त्या म्हणाल्या. “आणि यंत्र सुरू झालं की तुम्ही माझी दोरी सोडणार.”

वाटाघाटी तिथेच, उघड्या ड्रायरसमोर झाल्या. गॅरेजमधली दोरी राहील. ड्रायरमध्ये फक्त टॉवेल आणि जीन्स. सुती काही जाणार नाही, गोधडी तर नाहीच, आणि गोधडीवरचा आरोप मागे घेतला जाईल. नवऱ्याने गाडी पावसात भिजण्याचा मुद्दा काढला. तो फेटाळण्यात आला. मग सासूबाईंनी पदर खोचला, नवऱ्याला पट्ट्याचा फास दुमडून चकतीच्या खालून घ्यायला लावला, चकती अंगठ्याने रेटायला लावली, आणि मोटरच्या पुलीवर पट्टा बसल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ड्रम हाताने दोन-चारदा फिरवला. पट्टा आपोआप रेघेवर येऊन बसला.

पत्रे लागले, खटके टक करून बसले. एकही स्क्रू उरला नाही. बाबा त्यामुळे थोडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी पुन्हा मोजले. प्लग लावला. ड्रम फिरू लागला, धपक धपक. लेक काचेसमोर मांडी घालून बसली आणि आत फिरणारे टॉवेल बघू लागली. नवऱ्याने मंडळातल्या लोकांना फोटो पाठवले. त्यांत त्याचे हात तेवढे दिसत होते.

रात्री बाबा मोजमाप पुस्तिका पूर्ण करायला बसले. काम समाधानकारक, खर्च अंदाजपत्रकाच्या आत. कंत्राटदाराच्या सहीची जागा त्यांनी बराच वेळ मोकळी ठेवली, मग वही सासूबाईंपुढे सरकवली. त्यांनी चष्मा शोधून, ओळी वाचून, सही केली. शेवटचा रकाना उरला होता तो जुन्या साहित्याचा. सरकारी कामात काढलेली वस्तू नुसती टाकून देता येत नाही. तिचं निर्लेखन करावं लागतं. बाबांनी लिहिलं: पट्टा, रबरी, जुना, नग एक. निर्लेखनास पात्र.

“पात्र कसला?” सासूबाई म्हणाल्या. “त्यावर सकाळचे मोजे आहेत.”

बाबांनी ‘निर्लेखनास पात्र’ खोडलं, खोडल्याची आद्याक्षरी केली, आणि शेजारी लिहिलं: वापरात.